सातव्या कळीतला पोपट

माझी चूक काचेच्या कपाटात टांगलेली होती. वरून तीन दिवे सोडलेले, खाली मखमल अंथरलेली, आणि शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या आमच्या जुन्या मालकाचा फोटो. मी दुकानाच्या दारातच खिळले.

"मावशी, आत तरी चल," भाचीने पाठीत बोट खुपसलं. "सगळा एसी रस्त्यावर चाललाय."

कपाटात डाळिंबी रंगाचा लेहंगा होता. सोळा कळ्यांचा. कळी म्हणजे घेराची एकेक उभी पट्टी, कमरेला चिंचोळी आणि खाली पसरत जाणारी. प्रत्येक कळीत एक पोपट, आरीने म्हणजे आकडेदार सुईने भरलेला, चोच उजवीकडे. सातव्या कळीतला तेवढा डावीकडे बघतो. त्या एका पोपटापायी बारा वर्षांपूर्वी माझ्या सख्ख्या बहिणीला कारखान्यातून हाकललं होतं. आणि तो पोपट उलटा मी छापला होता. हे फक्त मला माहीत होतं.

आम्ही दोघी तेव्हा एकाच कारखान्यात भरतकाम करायचो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवतात, त्याला आम्ही खाटला म्हणतो. त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचं आणि मान मोडेपर्यंत टाके घालायचे. ताईसारखा हात तिथे कुणाचा नव्हता. ती डावखुरी, त्यामुळे तिच्या टाक्याचा पीळ बाकीच्यांच्या उलट पडायचा. शंभर तुकड्यांतून तिचा तुकडा मी नुसतं बोट फिरवून काढून दिला असता.

नक्षी कापडावर उतरवतात ती खाक्याने. खाका म्हणजे सुईने भोकं पाडलेला कागद. तो कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली खडूची पूड फडक्याने वरून घासायची, की खाली ठिपक्यांची नक्षी उमटते. कागदाची एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. आमचा तो खाका वापरून वापरून इतका तेलकट झालेला की दोन्हीकडून सारखाच दिसायचा. म्हणून बोटाने चाचपायचं आणि गुळगुळीत बाजू वर ठेवायची. आदल्या दिवशी माझ्या दोन बोटांत आरी घुसली होती, बोटांवर चिकटपट्ट्या होत्या. मी चाचपलं, मला काही कळलं नाही, सातव्या कळीवर कागद उलटा ठेवला आणि घासून मोकळी झाले.

ती कळी ताईच्या वाट्याला आली. दहा दिवस भरली तिने. वेल दोन्हीकडून सारखीच होती, आणि कळ्या सुट्या भरून गुंडाळून ठेवतात, त्यामुळे सोळा पोपट शेजारी-शेजारी कुणी बघतच नाही. शिंप्याने कळ्या जोडल्या तेव्हा बोंब झाली. कळीच्या काठावर भरणाऱ्याचा नंबर लिहिलेला असतो. छापणाऱ्याचा नसतो. मालकाने नंबर वाचला, लेहंगा ताईच्या अंगावर फेकला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "आंधळे, दहा दिवस काय बघत होतीस?"

मी तिच्या समोर, दीड हातावर बसले होते. तोंड उघडलं नाही. महिन्याभरापूर्वीच मी एक ओढणी नासवली होती आणि पुढच्या चुकीला बाहेर काढीन असं मालकाने मला बजावलं होतं. घाबरले, एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

मालकाने शहरभरच्या कारखान्यांत कळवलं, या बाईचे डोळे गेलेत, हिला घेऊ नका. कुणी घेतलं नाही. ताई लाँड्रीत चादरी इस्त्री करायला लागली. अजून तेच करते. मीही वर्षभरात तो कारखाना सोडला आणि दुसरीकडे खाटला धरला, पण त्याला मोठेपणा म्हणायचं कारण नाही. समोरची रिकामी जागा बघवत नव्हती म्हणून सोडला.

या दुकानाच्या पाटीवर वेगळंच नाव होतं, नाहीतर मी इकडे फिरकलेच नसते. भाचीने फोनवर शोधलेलं. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते ती. लग्न तिचं, खर्च तिचा, आणि हट्ट एकच, लेहंगा हाताने भरलेला हवा. "मशीनचं काम हातचं म्हणून गळ्यात मारतात," म्हणाली. "मावशी, तू फक्त उलटून बघायचं आणि खरं काय ते सांगायचं."

खरं सांगायला मला नेलेलं.

ताई यायलाच तयार नव्हती. "मला काय दिसतंय त्यातलं? तुम्ही दोघी जा." लेकीने ओढून आणली. कपड्यांच्या दुकानात शिरली की ताई फरशीकडे बघत चालते, तशीच त्या कपाटाजवळून चालत आत गेली. मान वर केली नाही. मी तिच्या आणि काचेच्या मध्ये माझं अंग घालून पुढे सरकले. बारा वर्षांनी पुन्हा तेच, लपवालपवी. लाज कशाला म्हणतात ते मला त्या पाच पावलांत कळलं, पण मी चालत राहिले.

आत पांढऱ्या गादीवर लेहंग्यांचा ढीग पडायला लागला. विकणारी पोर चुणचुणीत होती, दमत नव्हती.

"हा बघ मावशी, कसला भारी आहे!"

"मशीन."

"अगं, बघितलंस तरी का?"

मी अस्तर वर करून दाखवलं. "मागचा दोरा बघ. एकसारखा, कुठे गाठ नाही की गाळलेला टाका नाही. माणसाचा हात इतका शहाणा नसतो."

"मॅडम, हे सेमी-हॅन्डवर्क आहे," विकणारी म्हणाली.

"म्हणजे हुक हाताने लावलाय."

भाची खिदळली. ताईसुद्धा हसली, चष्मा सारखा करत. म्हणाली, "छोटे, तू दुकानदारांच्या पोटावर पाय देणार." मला छोटी म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे.

विकणारी पोर हट्टाला पेटली. "थांबा, आता तुम्हाला आमचा खास पीसच दाखवते," असं म्हणून तिने मागचा पडदा सरकवला.

दांडीवर सात लेहंगे ओळीने. मोरपंखी, हळदी, जांभळा, राणी, आणखी कुठले कुठले. मी एकेकाचा घेर धरून कळ्या मोजल्या. सातांतल्या प्रत्येकाच्या सातव्या कळीत पोपट डावीकडे बघत होता. मुद्दाम छापलेला! कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी रोज खाका हातात घेत होतं, सहा वेळा सरळ ठेवत होतं आणि सातव्यांदा उलटा, मालकाच्या हुकमाने. ज्या गोष्टीसाठी ताईच्या तोंडचा घास काढला, त्याच गोष्टीची इथे पैदास चालली होती.

"हा हातचाच आहे ना, मावशी?" भाचीने विचारलं.

"हातचाच," मी म्हटलं.

तिने राणी रंगाचा उचलला आणि कपडे बदलण्याच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा ताई उठून उभी राहिली. पोरगी दिसतच होती तशी सुंदर. घेर फिरला की पोपट एकामागून एक धावत होते. भाचीने आरशात बघितलं आणि विचारलं, "हा एक वेडा दुसरीकडे का बघतोय?"

"तीच तर गंमत आहे, मॅडम." विकणारीने कमरेला लटकलेलं जाड कागदाचं कार्ड उलगडून वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं. "मागे वळून पाहणारा पोपट. आमच्या संस्थापकांची कल्पना. लेक निघताना एकदा मागे वळून आईकडे बघते, म्हणून सोळांपैकी सातवा पोपट नेहमी मागे पाहतो."

भाचीचे डोळे भरून आले. लग्नाच्या दिवसांत पोरी कशानेही रडतात. "आई, हाच. मला हाच हवा."

ताई मात्र तिच्याकडे बघतच नव्हती. "कितवा म्हणालीस?"

"सातवा."

"सोळांतला?"

"हो मॅडम. पहिला पीस समोरच्या कपाटात आहे, बारा वर्षांपूर्वीचा, आमच्या मोठ्या साहेबांचा."

ताई चालत गेली. या वेळी मान वर होती. मी मागे धावले नाही. लांबून बघितलं, तिने आधी फोटो बघितला, मग काचेला नाक लावलं, मग चष्मा काढून पुन्हा नाक लावलं. बराच वेळ. तिच्या श्वासाने काचेवर वाफ धरली, ती तिने पदराने पुसली.

"अहो मॅडम, काचेला हात नको," विकणारी म्हणाली.

"हे माझं आहे," ताई म्हणाली. "पीळ बघ. डाव्या हाताचा आहे. हे मी भरलंय."

विकणारी पोर गोंधळून आतून मालकिणीला घेऊन आली. मालकाची सून. तिशीतली, गोड बोलणारी, गळ्यात मोजमापाची टेप. ताईने तिला सगळं सांगितलं, एका दमात, आरडाओरडा न करता. कळी, दहा दिवस, अंगावर फेकलेला लेहंगा, डोळे गेले म्हणून हाकलणं. सून ऐकताना पांढरी पडत गेली. खोटं नाही सांगत, तिला खरोखर माहीत नव्हतं.

"पण पप्पा तर म्हणायचे, त्यांना ही कल्पना पहाटे सुचली."

"पहाटे नाही. दुपारी. जेवणाच्या सुट्टीआधी," ताई म्हणाली. "मी डबाही उघडला नव्हता."

भाची घेर सावरत पुढे आली. "म्हणजे माझी आई तुमच्या दुकानात शोकेसमध्ये आहे, आणि नाव तुमच्या सासऱ्यांचं?"

सून हुशार होती. घाबरली, पण तिचं डोकं चालत होतं. ताईचे दोन्ही हात धरून म्हणाली, "काकू, झालं ते फार वाईट झालं. मी नाव बदलते. आजच. तुमचा फोटो लावते कपाटात. आणि हा लेहंगा माझ्याकडून तुमच्या मुलीला, लग्नाची भेट म्हणून." मग, "खरं म्हणजे हीच गोष्ट लोकांना जास्त आवडेल. नजर जात असलेल्या एका कारागीर बाईने भरलेला शेवटचा पोपट. असं लिहिलं तर चालेल का तुम्हाला?"

भाचीने आईकडे बघितलं. मी ताईकडे बघितलं. मला वाटलं, आता ही तिच्या एक मुस्काटात देणार.

ताईने मान डोलावली. "लिहा," म्हणाली. "खरंच आहे ते. मला दिसलं नाही."

मी गप्प राहू शकले असते. नीट विचार करा. ताईचा फोटो कपाटात, पोरीला लेहंगा भेट, मालकाचं नाक कापलेलं, आणि माझं गुपित त्या मखमलीखाली कायमचं पुरलेलं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. गप्प बसण्याइतकं सोपं आणि सगळ्यांच्या सोयीचं आयुष्यात दुसरं काही माझ्यापुढे आलं नव्हतं. पण ताई मान डोलावत होती. हसत होती. तिच्या डोळ्यांत खोट आहे हे छापून भिंतीवर लावायला ती हसत परवानगी देत होती!

"छपाई मी केली होती," मी म्हटलं.

कुणाला काही कळलं नाही. सून अजून ताईचे हात धरून होती.

"ताई, खाका मी ठेवला होता. उलटा. तुला नीट दिसत होतं. तू ठिपक्यांवरून बरोबर भरलंस. ठिपकेच उलटे होते."

ताईने हात सोडवून घेतले. मी वाट बघत होते की ती ओरडेल, रडेल. तिने कारखान्यात विचारतात तसं विचारलं.

"बोटांनी बघितलं नव्हतंस?"

"बोटांवर चिकटपट्ट्या होत्या."

"कधी कळलं तुला?"

इथे खोटं बोलता आलं असतं. शेवटी कळलं, सगळ्यांबरोबर कळलं, असं. "तिसऱ्या दिवशी. पट्ट्या सुटल्यावर, आठवी कळी छापताना."

"तेव्हा माझं कुठवर झालं होतं?"

"चोच. आणि अर्धा पंख."

"म्हणजे उसवून, रॉकेलने पुसून, परत छापता आलं असतं."

"हो."

"एका दिवसाचं काम होतं."

"अर्ध्या," मी म्हटलं.

भाची माझ्याकडे अशी बघत होती की जणू रस्त्यावरची कुणी बाई आत शिरली आहे. "मावशी, तू काय बोलतेयस? तू रोज आमच्याकडे यायचीस. रोज!"

यायचे. लाँड्रीतून ताई दमून यायची म्हणून तिच्या घरची सगळी शिवणटिपण मी करायचे. पोरीच्या शाळेच्या गणवेशाची बटणं, पडद्यांच्या पट्ट्या, उशांचे अभ्रे. मला वाटायचं, मी फेडतेय.

"बटणं मी तुझ्याकडे का पाठवायचे, माहितीये?" ताई म्हणाली. आवाज अगदी साधा. "सुई हातात घेतली की हात अडायचा. वाटायचं, मी भोकात घातलेला दोरा खरंच भोकात आहे का? मला दिसतंय ते तिथे आहे का? तीन डॉक्टर केले मी, छोटे. पहिला म्हणाला, डोळे ठणठणीत आहेत. म्हटलं, ह्याला कळत नाही. दुसऱ्याने तेच सांगितलं. तिसऱ्याचे पाय धरले, चष्मा द्या म्हणून. त्याने कंटाळून दिला." तिने हातातला चष्मा माझ्यापुढे धरला. "साधी काच आहे. खिडकीला लावतात तशी. रस्ता ओलांडताना लेकीचा हात घट्ट धरायचे, तिला वाटायचं आई माया करतेय. मला गाडी किती लांब आहे तेच खरं वाटायचं नाही."

मला माहीत होतं मी तिचं काम घालवलं. मला माहीत होतं मी तिला चादरींच्या वाफेत ढकललं. हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षं तिच्या शेजारी बसून चहा प्यायले, आणि ती माझ्याकडे बघताना मी खरंच तिथे आहे का याची खात्री करत होती, हे मला कुठून कळणार? कळून घ्यायचंच नव्हतं.

सून हळूच म्हणाली, "पण मग... कपाटात नाव नक्की कोणाचं टाकायचं?"

"तुझ्या सासऱ्याचंच राहू दे," ताई तिच्याकडे न बघता म्हणाली. "माझं नाव चुकीखाली लागणार नाही. मी चुकलेच नव्हते." मग लेकीला, "काढ तो लेहंगा."

भाची तशीच उभी होती. पाठीमागचे हुक तिला निघेनात. मी सवयीने पुढे झाले.

"तू नको," ताई म्हणाली.

तिने लेकीला उजेडाकडे फिरवलं, चष्मा गादीवर टाकून दिला आणि वाकून एकेक हुक काढायला लागली. अकरा होते, बारीक, कापडात दडलेले, सरावलेल्या बाईच्या बोटांनाही दाद न देणारे. एकदाही चुकली नाही. विकणारी पोर, सून, मी, सगळ्या बघत उभ्या. भाची हुंदके देत होती, लेहंग्यासाठी की कशासाठी कोण जाणे. ताई तिला म्हणत होती, "हलू नकोस गं, हलू नकोस, दिसतंय मला."

त्या दोघी बाहेर पडल्या. मी मागोमाग गेले. फुटपाथवर गर्दी होती. ताई पुढे, लेकीचा हात न धरता. दोन दुकानं सोडून तिसऱ्यात लेहंगे लटकलेले होते, तिथे ती शिरली. मी दाराशी पोचले तोवर भाची बाहेर आली आणि माझ्या वाटेत उभी राहिली. नाक लाल झालेलं.

"आई म्हणतेय, तू घरी जा."

"लेहंगा? कोण बघणार?"

"ती बघतेय."

"आणि लग्नाला? मी यायचं ना?"

भाचीने मागे वळून दुकानात बघितलं, मग माझ्याकडे. "त्याबद्दल काही बोलली नाही," ती म्हणाली. "आणि मी विचारणार नाही, मावशी. तुझं तू विचार."

ती आत गेली. काचेचं दार आपोआप मिटलं. विचारायचं म्हणजे ताईच्या समोर उभं राहायचं, आणि तिने काय उत्तर द्यायचं ते तिच्यावर सोडायचं. मी दाराला हात लावला. आतून ताईने बघितलं. मला बघितलं, नीट, सरळ, लांबून. नजर हटवली नाही आणि बोलावलंही नाही.

मी हात काढला आणि घरी गेले.